मार्चअखेरची मोजणी

महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला नवे वर्ष तीनदा येते. गुढीपाडव्याला नव्या दुकानाचा मुहूर्त होतो, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर हळदकुंकू वाहिले जाते, आणि कायद्याच्या लेखी वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. एप्रिल ते मार्च हे वर्ष सरकारी कारभारात १८६७ पासून चालत आले आहे. व्यापाऱ्यांवर ते बंधनकारक झाले ते मात्र बऱ्याच उशिरा. प्राप्तिकरासाठी आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मोकळीक पूर्वी असे. कोणी दिवाळीला वही मिटवत असे, कोणी डिसेंबरअखेर. १९८७च्या दुरुस्ती कायद्याने ही मोकळीक गेली आणि १९८९ पासून सगळ्यांचा हिशेब ३१ मार्चला येऊन थांबू लागला. वहीपूजन दिवाळीतच राहिले, पण ताळेबंद मार्चचा झाला.

मार्चअखेर म्हटले की बहुतेक छोट्या दुकानदारांच्या डोळ्यांपुढे कागदांची धावपळ येते: सीएचा फोन, बँकेचे उतारे, हरवलेली बिले. कागद आवश्यकच आहेत, पण ते मोजणीनंतर येतात. छोट्या धंद्यात खरेदी, विक्री, वसुली आणि गल्ला हे सगळे एकच माणूस सांभाळतो. संध्याकाळी गल्ल्यात रक्कम दिसली की धंदा चालला आहे असे त्याला वाटते, आणि अकरा महिने तेच वाटत राहते. नफा मात्र गल्ल्यात क्वचितच असतो. तो फळीवरच्या मालात आणि उधारीच्या वहीत अडकलेला असतो. म्हणून नव्या वर्षाची तयारी या दोन मोजण्यांपासून सुरू व्हायला हवी. त्या चुकल्या तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, तालुक्याच्या गावी हार्डवेअरचे एक दुकान आहे. वर्षाच्या सुरुवातीला तिथे ८ लाखांचा माल होता, वर्षभरात ५२ लाखांची खरेदी झाली आणि ६० लाखांची विक्री झाली. वर्षअखेर मालकाने फळ्यांवर नजर फिरवून अंदाजाने १० लाखांचा माल लिहिला. त्या हिशेबाने विकलेल्या मालाची किंमत ५० लाख आणि ढोबळ नफा १० लाख झाला. भाडे, पगार, वीज आणि व्याज मिळून साडेसहा लाख खर्च झाला असेल, तर हाती साडेतीन लाख उरले. तोच माल नीट मोजला आणि तो साडेआठ लाखांचाच भरला, तर ढोबळ नफा साडेआठ लाखांवर येतो आणि निव्वळ नफा दोन लाखांवर. दीड लाखाचा नफा केवळ अंदाजातून जन्मला होता, आणि त्यावर कर भरण्याची पाळी येणार होती. घरखर्चासाठी मालक दरमहा २५ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख उचलत असेल, तर अंदाजाच्या हिशेबात त्याला ५० हजार उरलेले दिसतात. खऱ्या हिशेबात मात्र तो दरवर्षी एक लाख रुपये भांडवलातून खात आहे.

उलटी चूकही होते. कर वाचवण्यासाठी शिल्लक माल मुद्दाम कमी दाखवला जातो. पण अखेरचा साठा हाच पुढच्या वर्षाचा आरंभीचा साठा असतो, त्यामुळे दडवलेला नफा पुढच्या वर्षी डोके वर काढतो. शिवाय ज्याचे बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे, तो बँकेला मालाचे विवरण देत असतो. तिथे १२ लाखांचा माल आणि प्राप्तिकराला ८ लाखांचा, असा फरक असेल तर तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मोजणीची वेळ ठरलेली हवी: ३१ मार्चला दुकान बंद झाल्यानंतर किंवा १ एप्रिलला शटर उघडण्यापूर्वी. आकडा ३१ मार्चचा असल्यामुळे मोजणी चालू असताना माल आत येऊ नये आणि बाहेर जाऊ नये. मोठा साठा असेल तर कमी हलणारा माल आठवडाभर आधी मोजून त्या खोक्यांवर चिठ्ठी लावता येते. त्यानंतर त्यातले काही विकले गेले तर चिठ्ठीवरच वजा करायचे. एकाने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे. मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी सांगू नये, कारण सांगितला की तोच आकडा निघतो. खोका, डझन, किलो, मीटर ही मापे सुरुवातीलाच ठरवून घ्यावीत. बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये नग आणि मोजणीच्या यादीत डझन, या एका कारणाने कित्येक याद्या चुकतात.

मोजणी करताना माल कोणाचा, हा प्रश्न ‘किती’इतकाच महत्त्वाचा असतो. बिल झाले पण गिऱ्हाइकाने अजून उचलला नाही, असा माल दुकानात असला तरी दुकानदाराचा नसतो. पसंतीवर दिलेला, विकला न गेलेला माल बाहेर असला तरी दुकानदाराचा असतो. ३० मार्चला खरेदीचे बिल वहीत चढले आणि ट्रक २ एप्रिलला आला, तर तो वाटेतला माल साठ्यात धरावा लागतो. न धरल्यास खरेदी वाढलेली आणि साठा कमी दिसतो, आणि नफा विनाकारण घटतो.

किंमत लावण्याचा नियम जुना आणि शहाणपणाचा आहे: खरेदीची किंमत किंवा आज विकून निघणारी किंमत, यांतली जी कमी असेल ती. विक्रीच्या भावाने साठा लिहिणे म्हणजे न झालेल्या विक्रीचा नफा आजच मोजणे. ज्याने जीएसटीचे क्रेडिट घेतले आहे त्याने किंमत कर वगळून धरावी; ज्याला क्रेडिट मिळत नाही त्याच्यासाठी कर हा किमतीचाच भाग आहे. गंजलेले बिजागर, बंद झालेल्या रंगाचे डबे, मुदत संपत आलेली बिस्किटे हा माल खरेदीच्या भावाने लिहिणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. वर्षभरात एकदाही न हललेल्या मालाची यादी वेगळी काढावी. कंपनीला परत जाऊ शकेल तो मार्चमध्येच परत करून क्रेडिट नोट घ्यावी, विकला जाईल तो सवलतीत काढावा, आणि उरलेला वहीतून काढून टाकावा. टाकाऊ म्हणून काढलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट परत करावे लागते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. हा खर्च जिवावर येतो, म्हणून अनेक दुकानांत दहा-दहा वर्षांचा माल फळीवर बसून असतो. पण त्याने अडवलेली जागा आणि पैसा यांची किंमत त्या कराहून जास्त असते.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो संकटात कळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले, तेव्हा मालाबरोबर वह्याही भिजल्या. विम्याचा दावा करताना किती माल होता हे दाखवावे लागते आणि ते दाखवणारा कागदच जाग्यावर नव्हता, अशी वेळ अशा प्रसंगी येते. म्हणून साठ्याची सही केलेली यादी, तिचे फोटो आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा ऑनलाइन ठेवावा. विम्याची रक्कमही याच आकड्यावरून ठरवावी. दहा लाखांच्या मालावर पाच लाखांचा विमा असेल, तर नुकसान चार लाखांचे असले तरी कंपनी सर्वसाधारणपणे त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मीच भरपाई देते. पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात पुराचाही समावेश आहे. कोकणात आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठी पॉलिसीचे नूतनीकरण जूनपूर्वी झालेले बरे.

दुसरी मोजणी उधारीची. गावातल्या धंद्यात उधारी टळत नाही. शेतकरी पीक विकल्यावर पैसे देतो, गवंडी घरमालकाकडून हप्ता आल्यावर, आणि शाळा किंवा ग्रामपंचायत बिल मंजूर झाल्यावर. उधारी किती आहे यापेक्षा ती किती जुनी आहे हे जास्त बोलके असते. म्हणून येणी महिन्याच्या आतली, तीन महिन्यांची, सहा महिन्यांची आणि वर्षावरची अशी वेगळी लिहून काढावीत. वरच्या उदाहरणातल्या दुकानाची सहा लाखांची उधारी असेल आणि तेवढेच पैसे बँकेतून ११ टक्के व्याजाने घेतलेले असतील, तर वर्षाला ६६ हजार रुपये फक्त उधारी सांभाळण्यात जातात. त्यातले ५० हजार बुडाले, तर सुमारे १४ टक्के ढोबळ नफ्यावर ते भरून काढायला साडेतीन लाखांची जादा विक्री करावी लागते. ही आकडेमोड एकदा कागदावर केली की वसुलीला जाण्याचा संकोच कमी होतो.

मार्चमध्ये प्रत्येक पार्टीला खातेउतारा पाठवून त्यावर सही घेणे ही जुनी रीत आहे, आणि ती सोडू नये. तिला कायद्याचेही बळ आहे. मुदतीच्या कायद्यानुसार, म्हणजे १९६३च्या अधिनियमानुसार, विकलेल्या मालाच्या पैशासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. ‘बघू, देतो’ या तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. खातेउताऱ्यावरून आणखी एक गोष्ट उघड होते: दोघांच्या वह्यांतला फरक. परत आलेला माल, न नोंदवलेली सूट, भलत्याच खात्यावर जमा झालेला यूपीआयचा पैसा हे सगळे सापडते. हा फरक वर्षाच्या आत सुटला तर चहाच्या कपावर मिटतो. तीन वर्षांनी तो भांडण होऊन उभा राहतो.

जे येणे खरोखर बुडाले आहे ते वहीत येणे म्हणून ओढत नेण्यात शहाणपण नाही. विक्री पूर्वी उत्पन्नात धरली गेली असेल, तर बुडीत रक्कम वहीत खर्ची टाकून प्राप्तिकरात वजावट घेता येते. जीएसटीत मात्र अशी सवलत नाही. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी विक्रीवर भरलेला कर परत मिळत नाही. मोठी उधारी देताना हा मुद्दा ध्यानात ठेवलेला बरा.

येण्यांबरोबर देणीही तपासायची असतात, आणि इथे गेल्या काही वर्षांत नियम कडक झाला आहे. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही अट २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमातली आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकराची तिला जोड मिळाली: मुदत उलटून गेली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही; ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी होतो. उदाहरणार्थ, करार न करता १० फेब्रुवारीला लघुउद्योगाकडून खोकी घेतली तर मुदत २५ फेब्रुवारीला संपते. ते पैसे एप्रिलमध्ये दिले, तर खोक्यांचा खर्च या वर्षीच्या नफ्यातून वजा होणार नाही. १ मार्चला ४५ दिवसांच्या कराराने घेतलेल्या मालाचे पैसे १५ एप्रिलच्या आत दिले, तर मात्र अडचण नाही. फक्त व्यापार करणाऱ्या पुरवठादारांना हे संरक्षण नाही. ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. म्हणून मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

हाच नियम छोट्या कारखानदाराच्या हातातले हत्यारही आहे. उशीर करणाऱ्या खरेदीदाराकडून बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मागण्याचा त्याला हक्क आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिच्या मर्यादाही वाढल्या: अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. आपल्या बिलावर उद्यम क्रमांक छापणे ही नव्या वर्षातली सर्वांत स्वस्त आणि कामाची सुधारणा आहे.

आता कागद. बँकेचा उतारा आणि वही यांचा मेळ ३१ मार्चच्या तारखेला घालायचा, हातातली रोकड त्या रात्री मोजून लिहायची, आणि जीएसटीच्या पोर्टलवरच्या २बी विवरणाशी खरेदीची बिले ताडून पाहायची. पुरवठादाराने बिल पोर्टलवर भरलेले नसेल, तर खरेदीदाराला क्रेडिट मिळत नाही. २०२५-२६ च्या बिलांचे राहून गेलेले क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले तर तोपर्यंतच, घेता येते. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. ती यादीही याच वेळी निघते. १ एप्रिलच्या पहिल्या बिलापासून बिलांची नवी मालिका सुरू करावी. क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि त्या वर्षात पुन्हा येऊ नये, एवढीच अट आहे. मालाचे कोड आणि कराचे दरही एकदा नजरेखालून घालावेत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, साबण-टूथपेस्ट ५ टक्क्यांवर आणि सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले, तेव्हा ज्यांची मालयादी वस्तुवार नीट होती त्यांचे काम एका दिवसात झाले.

करातली एक निवड अशी आहे जी ३१ मार्चच्या आतच करावी लागते: कंपोझिशन योजनेत जायचे की नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला या योजनेत विक्रीवर सरसकट १ टक्का कर भरता येतो, विवरणेही कमी. मात्र हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरचे क्रेडिट मिळत नाही, आणि राज्याबाहेर विक्री करता येत नाही. सावंतवाडीच्या ज्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक गोव्यात आहे, त्याच्यासाठी दार इथेच बंद होते. बाकीच्यांनी गणित करून पाहावे. ६० लाखांच्या विक्रीवर १ टक्क्याने ६० हजार रुपये होतात. माल १८ टक्क्यांचा आणि ढोबळ नफा १० लाखांचा असेल, तर नेहमीच्या पद्धतीत त्या नफ्यावर १ लाख ८० हजार कर जातो. गिऱ्हाईक घरगुती असेल तर कंपोझिशनवाला तेवढा भाव कमी ठेवू शकतो. माल ५ टक्क्यांचा आणि नफा ५ लाखांचाच असेल, तर नेहमीच्या पद्धतीत २५ हजारच जातात आणि कंपोझिशन महाग पडते. गिऱ्हाईक ठेकेदार किंवा कारखानदार असेल तर त्याला क्रेडिट हवे असते, आणि तो कंपोझिशनवाल्याकडे सहसा येत नाही. नेहमीच्या पद्धतीतून या योजनेत जाताना शिल्लक मालावरचे क्रेडिट परत करावे लागते. तिथेही पुन्हा ३१ मार्चची मालयादी लागतेच. ज्यांची उलाढाल पाच कोटींपर्यंत आहे त्यांना मासिक विवरणांऐवजी तिमाही विवरणांची सोय ३० एप्रिलपर्यंत निवडता येते.

प्राप्तिकरात दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटींची आहे. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा, आणि अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरायचा. ही योजना एकदा सोडली की पुढची पाच वर्षे ती परत घेता येत नाही, म्हणून निर्णय घाईने करू नये. योजनेमुळे वह्यांचे ओझे कमी होते, पण स्वतःसाठीची मोजणी टळत नाही. कर ठरवायला ६ टक्के पुरेसे असले तरी दुकान चालवायला खरा आकडा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे आणि ‘मागील वर्ष’, ‘आकारणी वर्ष’ यांऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले आहे. कलमांचे क्रमांक बदलले असल्याने जुन्या मसुद्यांवरून पत्रव्यवहार करू नये.

यूपीआयमुळे एक जुनी सवय आता धोक्याची झाली आहे. दुकानाचा क्यूआर मुलाच्या किंवा पत्नीच्या बचत खात्याला जोडलेला असतो, त्याच खात्यात नातेवाइकांचे हातउसनेही येतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात व्यापारी कर विभागाने यूपीआयवरच्या जमेच्या आधारे छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, आणि बेंगळुरूच्या अनेक दुकानांत यूपीआय घेणेच काही काळ बंद झाले. मालासाठी ४० लाखांची आणि सेवेसाठी २० लाखांची जीएसटी नोंदणीची मर्यादा मोजताना करमुक्त मालाची विक्रीही धरली जाते. उत्तर यूपीआय बंद करण्यात नाही. धंद्याचे चालू खाते वेगळे असावे, क्यूआर त्याच खात्याचा असावा आणि घरखर्चाची उचल महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेची असावी.

परवान्यांची यादी धंद्यागणिक बदलते. अन्नाचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा परवाना तपासून पाहावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर १२ महिन्यांनी पडताळणी होते. व्यवसाय करात महिन्याला २०० रुपये कापले जात असतील तर फेब्रुवारीला ३०० कापायचे असतात. राहून गेले असल्यास मार्चमध्ये दुरुस्त करावे. किमान वेतनाचा विशेष भत्ता राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून पगाराचा अंदाज करताना वर्षभर एकच आकडा धरू नये.

हे उरकले की पुढच्या वर्षाचा आराखडा मांडता येतो, आणि मोजणीचे खरे फळ इथे मिळते. उदाहरणातल्या दुकानाचा खर्च साडेसहा लाख आणि घरखर्च तीन लाख, म्हणजे साडेनऊ लाखांचा ढोबळ नफा हवा. साडेआठ लाखांवर ६० लाखांची विक्री, या प्रमाणात त्यासाठी सुमारे ६७ लाखांची विक्री लागेल. महिन्याला पाच लाखांऐवजी सुमारे ५ लाख ६० हजार. ते जमणार नसेल तर भाडे, व्याज किंवा मालाचा प्रकार यांपैकी काहीतरी बदलावे लागेल. भांडवल कमी पडत असेल तर एप्रिलमध्येच बँकेकडे जावे, कारण ताजा ताळेबंद हाती असतो. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादांसाठी बँका साधारणपणे नायक समितीच्या सूत्राने अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के खेळते भांडवल धरतात. मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटाचे कर्ज फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत कर्ज मिळते.

विक्री बारा महिन्यांत वाटताना इंग्रजी महिन्यांवर विसंबून चालत नाही. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्यामुळे ऑक्टोबरची विक्री मागच्या ऑक्टोबरशी ताडली तर धंदा पडल्यासारखा दिसेल, आणि नोव्हेंबरची ताडली तर उसळल्यासारखा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्ने होत नाहीत, म्हणून कापड, भांडी, सोने, मंडप, केटरिंग या धंद्यांनी उन्हाळ्याच्या हंगामाचा माल एरवीपेक्षा कमी आणि लवकर भरावा. जावयाच्या वाणाचा, म्हणजे अनारसे, चांदी आणि कपड्यांचा खप मात्र याच महिन्यात असतो. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा वह्या-दप्तरांची खरेदी अधिक महिन्यातच येईल.

वर्षातून एकदा मोजून भागत नाही. निदान एकदा मध्येच साठा आणि उधारी पुन्हा मोजावी, म्हणजे मार्चमधला अंदाज किती खरा ठरला ते वेळेवर कळते. २०२६ साली त्यासाठी ३० सप्टेंबर सोयीचा आहे. अनंत चतुर्दशी २५ तारखेला होऊन गेलेली असते, पितृपंधरवड्यामुळे गिऱ्हाईक कमी असते, आणि ११ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपूर्वी दिवाळीच्या खरेदीची ऑर्डर अजून बदलता येते.